काळा गंज, तांबडा गंज

माझ्या टेबलावर लॅम्पशेजारी एक लोखंडी त्सुबा असते. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीत पातं आणि मूठ यांच्या मधे बसवतात ती चकती. ही 7.6 सेंटिमीटरची आहे, कडेला 5 मिलिमीटर जाड, आणि लोखंड आरपार कापून त्यात उडणाऱ्या हंसांची जोडी काढलीये. तिचा अर्धा भाग काळाभोर आहे, उजेडात धरला की जांभळट झाक येते, आणि उरलेला अर्धा उघडा राखाडी, नळाच्या पाइपासारखा. तो राखाडी भाग माझ्या हातून झालाय. चार वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी लिंबू नि मीठ लावून ती घासायला घेतली, कारण जुनं काहीही घरात आलं की आधी घासायचं हे मी लहानपणापासून बघत आलेय.

आमचं गाव वाईजवळ. देवघराच्या वर खुंटीला पणजोबांच्या वेळची एक तलवार असते, आणि दर खंडेनवमीला आजी ती म्यानातून काढून राख नि लिंबानं लख्ख करायची, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नैवेद्य. त्या दिवशी घरातली कोयती, विळी, कुदळ, सगळंच घासून ओळीनं मांडलेलं असायचं. मला तो वास अजून आठवतो, ओल्या लोखंडाचा आणि लिंबाचा. तर टोकियोत पहिली जुनी वस्तू स्वतःच्या पैशानं घेतली, पंचवीस हजार येन दिले, घरी आणली, आणि हात आपोआप लिंबाकडे गेला.

पुढच्या शनिवारी ती तलवारींच्या अभ्यासवर्गात घेऊन गेले. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, ऐंशीच्या घरातले आहेत, आवाज कधी चढत नाही. त्यांनी ती तळहातावर घेतली, खूप वेळ काहीच बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं, "मधल्या भोकाच्या आत पण घासलंत का?" मी म्हटलं, नाही, तिथे बोट जात नव्हतं. तेव्हा त्यांनी श्वास सोडला. म्हणाले, "बरं झालं. मग अजून वाचता येईल."

हे "वाचता येईल" म्हणजे काय ते कळायला मला बरेच महिने गेले. त्सुबाच्या मधल्या भोकातून पात्याचा मागचा दांडा जातो. प्रत्येक दांड्याची जाडी वेगळी, त्यामुळे त्सुबा नव्या तलवारीवर बसवायची तर भोकाच्या वरखाली तांब्याचे छोटे तुकडे ठोकतात किंवा कडेला छिन्नीनं ठोके मारून लोखंड आत ढकलतात. माझ्या त्सुबाला वर एक तांब्याचा तुकडा आहे, खाली ठोक्यांच्या दोन वेगवेगळ्या ओळी, म्हणजे ती निदान दोन-तीन तलवारींवर चढली असणार. शेजारच्या लहान भोकात (छोटी सुरी अडकवायची ती जागा) नंतर कोणीतरी मऊ धातू भरलाय. ज्याला ती सुरी नको होती असा कुणी मालक. मी अजून थोडी जोर लावून घासली असती तर हे सगळं गेलं असतं.

मी मुळात इथे आले ते नोकरीसाठी. पुण्यात जपानी शिकले, परीक्षा दिल्या, मग टोकियो, निशी-कासाईला घर, जिथे आपली इतकी माणसं राहतात की कढीपत्ता चालत जाऊन मिळतो. तलवारींशी काही संबंध नव्हता. पहिल्या हिवाळ्यात उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले, थंडी होती आणि आत हीटर होता म्हणून रेंगाळत होते, आणि तलवारींच्या दालनात एक आजोबा काचेसमोर गुडघ्यात वाकून, डोकं हळूहळू वर-खाली करत एकाच पात्याकडे बघत होते. दहा मिनिटं. मी त्यांच्या जागी जाऊन तसंच वाकले. आधी नुसतं पोलाद दिसत होतं, आणि मग एका उंचीला आल्यावर धारेच्या बाजूनं ढगांची एक किनार अचानक पेटल्यासारखी उजळली. मी घाबरून मागे झाले, खरंच.

त्या किनारीला हामोन म्हणतात. आपल्याकडे लोहार कोयत्याला "पाणी पाजतो" म्हणतो ना, तेच इथे आहे, फक्त पाणी पाजायच्या आधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की पातळ लेपाखालचं पोलाद झटकन थंड होऊन कडक होतं, जाड लेपाखालचं सावकाश थंड होतं नि मऊ राहतं, आणि या दोघांची सीमा म्हणजे हामोन. तलवारीचा बाकही त्याच क्षणी वाढतो. त्या सीमेवर जे कण डोळ्याला सुटे दिसतात, वाळूत चमकणाऱ्या अभ्रकासारखे, ते निए. इतके बारीक की नुसतं धुकं दिसतं ते निओई. "पाणीदार पातं" हा शब्द मी मराठीत किती वेळा वापरला असेल, पण पात्यातलं पाणी डोळ्यांनी बघितलं ते र्योगोकूला.

र्योगोकूला जपानी तलवारींचं संग्रहालय आहे, 2018 च्या जानेवारीत ते योयोगीहून तिथे नव्या इमारतीत आलं. चालवणारी संस्था 1948 ची. तिच्या जन्माची गोष्ट मला फार जवळची वाटते. 1945 मध्ये युद्ध हरल्यावर अमेरिकन सैन्यानं देशभरातल्या तलवारी शस्त्रं म्हणून जमा करायला सुरुवात केली, टोकियोच्या आकाबाने भागातल्या गोदामात ढीग लागले, कित्येक वितळवल्या गेल्या, कित्येक समुद्रात टाकल्या, कित्येक सैनिकांच्या सामानातून बाहेर गेल्या. होनमा जुंजी आणि सातो कानझान या अभ्यासकांनी सैन्यातल्या अधिकाऱ्यांना पटवलं की यातल्या काही कलावस्तू आहेत, त्या वेगळ्या काढू द्या. त्यातून पुढे आजची नोंदणीपद्धत आली.

ती पद्धत ऐकून आपल्याकडच्या लोकांना आश्चर्य वाटतं. जपानमध्ये परवाना माणसाला नसतो, नोंद तलवारीची असते. प्रत्येक जुन्या तलवारीबरोबर एक कागद असतो, तोरोकुशो, त्यावर लांबी, बाक, दांड्याला किती भोकं, सही काय आहे, एवढं लिहिलेलं. कागदाशिवाय तलवार जवळ ठेवणं गुन्हा. विकत घेतली की ज्या प्रांताच्या शिक्षण मंडळानं कागद दिलाय त्यांना 20 दिवसांत कळवायचं. मी परदेशी असून मला काही वेगळं करावं लागलं नाही, एक फॉर्म, बस. देशाबाहेर न्यायची तर मात्र सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो. आणि जुन्या जाणत्या लोकांची एक सवय, ते पात्याच्या आधी या कागदाची तारीख बघतात. शोवा 26, म्हणजे 1951, पहिल्यावहिल्या नोंदींचं वर्ष असेल तर कान टवकारतात, कारण तेव्हा जुन्या सरदार घराण्यांनी आपल्या तलवारी आधी नोंदवून घेतल्या होत्या.

त्सुबाला आणि बाकीच्या साजाला यातलं काहीच लागत नाही. म्हणून नवीन माणसानं मला विचारलं तर मी सांगते, त्सुबापासून सुरू कर. हातात धरता येते, दोन्ही बाजूंनी बघता येते, चूक झाली तरी चूक परवडते.

अभ्यास म्हणजे काय करता असं आई फोनवर विचारते. आमच्या वर्गात महिन्यातून एकदा कांतेई असतं, म्हणजे ओळख पटवणं. टेबलावर पाच पाती, दांड्यावरची सही झाकलेली, प्रत्येकाच्या वर एक बल्ब. आधी पात्याला वाकून नमस्कार, मग धार वर ठेवून उचलायचं, पात्यावर बोलायचं नाही कारण थुंकीचा कणही गंज धरतो, बोट लावायचं नाही. बघायचं, आणि चिठ्ठीवर कारागिराचं नाव लिहून द्यायचं. बरोबर आलं तर "आतारी". त्याच घराण्यातला अगदी जवळचा कोणी लिहिला तर "दोझेन", म्हणजे बरोबर धरू. तीनदा संधी मिळते.

पहिले सहा महिने मी नुसते अंदाज ठोकले. मग सेन्सेईंनी एकदा माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली नि म्हणाले, नाव नका लिहू, हात लांब करून पातं उभं धरा आणि आकार किती शतकापूर्वीचा आहे तेवढंच सांगा. त्यानंतर गाडी रुळावर आली. मुठीजवळ खोल बाक, वर निमुळतं होत जाणारं, टोक लहान, म्हणजे घोडेस्वाराची ताची (लांब, बाकदार तलवार), हेइआन काळाचा शेवट किंवा कामाकुराची सुरुवात, बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास. चौदाव्या शतकातली पाती अवाढव्य, रुंद, टोक लांबच लांब. पुढे पायदळाच्या लढाया आल्या तशी तलवार आखूड झाली, एका हातानं झटकन उपसता यावी म्हणून, आणि बाक टोकाकडे सरकला. 1661 ते 1673 या कानबुन काळातली जवळजवळ सरळ. एवढं डोळ्यात बसलं की मग पोलादाचा पोत, तो लाकडाच्या रेषांसारखा असतो, कधी सरळ तर कधी गाठींचा, आणि मग हामोन, आणि सगळ्यात शेवटी टोकातलं हामोन कसं वळतं ते.

पाच मोठ्या परंपरा आहेत, यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो. माझं मन बिझेनमध्ये गुंतलंय. आजच्या ओकायामा प्रांतात योशिई नदीकाठी ओसाफुने नावाचं गाव, शतकानुशतकं तिथे लोहारांची घरंच्या घरं. जुन्या बिझेन पात्यात हामोनच्या वर एक पांढुरकी सावली दिसते, उत्सुरी, पहाटे कृष्णेच्या घाटावर पाण्यापासून जरा वर धुकं थांबतं तशी. मी ओसाफुनेच्या संग्रहालयात गेले ते सानचोमो बघायला. सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केनशिन, त्याच्या घराण्यातली तेराव्या शतकातली ताची, राष्ट्रीय ठेवा. सेतोउची या छोट्या शहरानं ती 2020 मध्ये 50 कोटी येनला विकत घेतली, देशभरच्या लोकांनी देणग्या दिल्या म्हणून जमलं. हामोन इतकं उधळलेलं की कुठे सुरू होतं नि कुठे संपतं कळत नाही. माझ्या पुढे एक कॉलेजातली मुलगी वहीत पेन्सिलीनं ते काढत होती. 2015 मध्ये आलेल्या एका ऑनलाइन गेममुळे अशा खूप मुली तलवारींकडे वळल्या, काही जुने संग्राहक त्यांच्यावर नाक मुरडतात आणि मला ते अजिबात आवडत नाही. संग्रहालयांच्या रांगा त्यांनी भरल्यात.

आता दांड्याबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला नाकागो म्हणतात. पातं दर काही पिढ्यांनी झिलई करून नवं केलं जातं, पण नाकागोला कोणी हात लावत नाही. तो गंजू देतात. शेकडो वर्षांचा तो गंज काळा, गुळगुळीत, जवळजवळ तेलकट दिसतो, आणि त्याखाली कारागिराच्या कानशीचे ओरखडे असतात, आडवे, तिरपे, ससाण्याच्या पिसासारखे, प्रत्येक घराण्याची आपापली पद्धत. सही छिन्नीनं कोरलेली असते, आणि छिन्नीनं बाजूला सारलेलं लोखंड अक्षरांच्या कडेला बारीक उंचवटा करून राहतं. खोट्या सहीत बऱ्याचदा अक्षराच्या आतला गंज नि बाहेरचा गंज यांचं वय जुळत नाही. म्हणून नाकागो घासणं हे इथलं सगळ्यात मोठं पाप. चकचकीत नाकागो असलेली चांगली तलवार म्हणजे जन्मदाखला फाडून टाकलेलं माणूस.

खोट्या सह्या भरपूर आहेत, आणि त्या आजच्या नाहीत, एदो काळातच (1603 ते 1868) सुरू झाल्या होत्या. एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, लोहार कोतेत्सु, जो आधी चिलखतं बनवायचा, त्याच्याबद्दल तर म्हणच आहे, कोतेत्सु दिसली की खोटी समजा. मला हे सगळं माहीत होतं. तरी दुसऱ्या वर्षी मी एक वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, घेतली, 48 सेंटिमीटरची, सतराव्या शतकातल्या ओसाकाच्या एका नामवंत लोहाराची सही असलेली. विक्रेत्यानं तपासणीचा कागद (नोंदणीचा नव्हे, सही खरी असल्याचा तज्ज्ञांचा दाखला) नाहीये हे सांगितलं होतं, पण मोठ्या आत्मविश्वासानं सहीबद्दल बोलला, आणि भाव असा होता की खरी असेल तर घबाड. मी पातं नीट बघितलंच नाही. नाव बघितलं.

तपासणीला पाठवली, नापास होऊन परत आली. सही खोटी.

वाईट वाटलं, पैसे गेले म्हणून आणि त्याहून जास्त मी शिकलेलं एक अक्षरही त्या दुकानात आठवलं नाही म्हणून. मग वर्गातल्या दोघा-तिघांनी व्यवहाराचा सल्ला दिला, खोटी सही कारागिराकडून काढून घे, बिनसहीची म्हणून पुन्हा पाठव, पातं चांगलं आहे, कागद मिळून जाईल. हे इथे सर्रास चालतं आणि बेकायदा नाहीये. मी तीन महिने विचार केला. शेवटी नाही केलं. ती सही खोटी असली तरी तिलाही शंभर-दोनशे वर्षं झालीत, कुणीतरी कुणालातरी ही तलवार त्या नावावर विकली, कदाचित कुणी नजराणा म्हणून दिली असेल, ते सगळं त्या चार अक्षरांत आहे. आणि एकदा खरवडलं की परत आणता येत नाही, हे हंसांच्या त्सुबानं मला शिकवलं होतं. सेन्सेईंना सांगितलं तर ते म्हणाले, "पातं ओसाकाचंच आहे हो, काळ पण तोच. नाव सोडून बघा." आता मी तसंच बघते. पोलाद बारीक, दाट, आरशासारखं, हामोन लांब लाटांचं. मला आवडतं.

झिलईबाबत मात्र मी गोंधळलेली आहे. झिलईकाराशिवाय हामोन दिसणारच नाही, एकामागून एक बारीक होत जाणारे दगड, शेवटी नखाएवढी दगडाची चकती अंगठ्याखाली फिरवत तो पातं उघडतो, ती स्वतंत्र कला आहे. पण प्रत्येक झिलईत थोडं पोलाद जातं. खूपदा झालेली पाती थकतात, वरची कातडी संपून आतलं मऊ लोखंड डोकावायला लागतं. माझ्या वाकिझाशीवर टोकाजवळ दोन गंजाचे ठिपके आहेत, ते वाढत नाहीयेत, तर मी त्यांना तसंच ठेवलंय. ठरावीक दिवसांनी मऊ कागदानं जुनं तेल पुसायचं, नवा पातळ हात फिरवायचा, शिरासायात, म्हणजे होनोकी लाकडाच्या साध्या पांढऱ्या म्यानात परत. एवढंच.

साजाबद्दल अजून खूप लिहायचंय, ते वेगळं लिहीन. पण एक सांगते. शाकुदो नावाची मिश्रधातू आहे, तांब्यात थोडंसं सोनं, शंभरात तीन-चार भाग. बनवल्यावर ती तांब्यासारखीच दिसते. मग ती किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून एका हिरव्या क्षारांच्या पाण्यात उकळतात, आणि ती कावळ्याच्या पंखासारखी निळीकाळी होते. तो रंग म्हणजे कारागिराचं अर्धं काम, आणि जाडी केसाच्याही कितीतरी पट कमी. गोतो घराण्यानं पंधराव्या शतकापासून या धातूवर माशाच्या अंड्यांसारखे ठिपके एकेक करून ठोकले. 1876 मध्ये कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली तेव्हा या लोकांचं पोट गेलं. कानो नात्सुओसारखा कारागीर त्याआधीच मेइजी सरकारच्या नाण्यांच्या नक्षीकडे वळला होता. हजारो त्सुबा सुट्या होऊन जहाजानं युरोप-अमेरिकेत गेल्या, आणि तिथे कित्येक हौशी लोकांनी त्या पॉलिश लावून चकचकीत केल्या. शिंबाशीला शरद ऋतूत तलवारींचा मोठा बाजार भरतो, तिथे अशी एखादी त्सुबा कोपऱ्यात स्वस्तात दिसते, लालसर उघडं तांबं. मला तिच्याजवळून पटकन जाववत नाही.

माझ्या त्सुबावर उपाय आहे, हळू आहे. लोखंडाचा गंज दोन प्रकारचा, तांबडा खातो आणि काळा राखतो. तांबडा दिसला की हरणाच्या शिंगाच्या टोकानं हळूच उचलायचा, कारण शिंग लोखंडापेक्षा मऊ, आणि मग जुन्या सुती कापडानं रोज चोळायचं. तेल नाही, रसायन नाही. मी आजीच्या नऊवारीचा तुकडा वापरते, धुऊन धुऊन इतका मऊ झालाय. रात्री ऑफिसच्या मीटिंगा चालू असतात, कॅमेरा बंद, हात चालू. खालच्या हंसाच्या पंखाच्या कडेला आता तपकिरी धरायला लागलाय.

या वर्षी खंडेनवमीच्या आधी दादाला फोन केला. म्हटलं, तलवार घासू नकोस. तो म्हणाला, "अगं, आजी दरवर्षी घासायची, न घासता पूजा कशी करायची?" मी म्हटलं, पातं सुक्या फडक्यानं पूस, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घे, इथे लवंगेचं तेल म्हणून जे मिळतं तेही आता बहुतेक असलंच खनिज तेल असतं, पातळ हात फिरव आणि हळदकुंकू मुठीला लाव, पात्याला नको. त्याला पटलं नाही पण केलं. परवा त्याचा मेसेज आला. मुठीच्या अगदी लगत, परजेच्या आड, जिथे आजीचं बोट कधी पोचलं नाही, तिथे पात्यावर काहीतरी कोरलेलं आहे, अक्षरं आहेत की नक्षी ते कळत नाही. फोटो पाठवला, फ्लॅश मारून काढलेला, नुसता पांढरा धब्बा. मी त्याला लिहिलं, फ्लॅश बंद कर, लिंबू तर लांबच ठेव, उद्या सकाळी ओसरीवर उन्हं तिरपी येतील तेव्हा पातं हळूहळू फिरवत बघ, एका कोनात आपोआप उमटेल, तेव्हा काढ.